झिरपण्याची वाट किती पिढ्यांनी पाहायची?

दरवर्षी अर्थसंकल्पाचे दिवस आले की विकासदराचा आकडा डोक्यावर घेऊन नाचण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. साडेसहा टक्के की सात टक्के, यावर वाहिन्यांवरचे विद्वान घसा कोरडा करतात. हा दर कोणाच्या घरात गेला आणि कोणाच्या उंबऱ्याबाहेर थांबला, हे विचारायला त्यांना वेळ नसतो. एखाद्याने विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते. आधी भाकरी मोठी होऊ द्या, मग वाटणीचे बघू. आत्तापासूनच वाटण्या मागत बसलात तर भाकरी थापायला कोणी पुढे येणार नाही! ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या शिळे तुकडे आले, आणि तेही दारात उभे राहून मागावे लागले, त्या समाजालाच हा धडा शिकवला जातो. पीठ दळणारे कोण, सरपण आणणारे कोण आणि ताटावर आधी बसणारे कोण, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राच्या बाहेरचा ठरवला जातो.

या युक्तिवादात दोन दावे आहेत आणि ते मुद्दाम एकत्र कालवून सांगितले जातात. एक असा की विषमता ही वाढीची किंमत आहे; मूठभरांच्या हाती पैसा साठला तरच गुंतवणूक होते, कारखाने निघतात. दुसरा असा की ही किंमत तात्पुरती आहे. वाढ झाली की संपत्ती आपोआप खाली झिरपते. पहिला दावा दुसऱ्याच्या आधाराने उभा आहे. झिरपतच नसेल, तर किंमत कशासाठी मोजायची? म्हणून आधी झिरपण्याचेच पाहू.

झिरपण्याची ही कथा आपल्याला नवी नाही. ती जागतिक बँकेने सांगण्याच्या कितीतरी आधी इंग्रज सरकारने सांगितली होती. त्या काळी शिक्षणाचे सरकारी धोरणच असे होते की, आधी वरच्या वर्गाला उच्च शिक्षण द्यावे, मग ती विद्या हळूहळू खालच्या थरांत उतरेल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात या धोरणाची चिरफाड केली आहे. सरकारी तिजोरीत महसूल जमा होतो तो शूद्र शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. ज्यांनी ते शिक्षण घेतले त्यांनी खालच्यांना शिकवण्यासाठी केले काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि त्यांची मागणीही तितकीच रोकडी होती. निदान बारा वर्षे वयापर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विद्या झिरपली नाही. ती १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शाळा काढून खेचून आणली, शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून आणली आणि बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून आणली. जे विद्येचे झाले, ते संपत्तीचे होणार नाही, असे मानायला काय आधार आहे?

आधार म्हणून एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पुढे केले जाते. सायमन कुझ्नेट्स. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका गाजलेल्या लेखाचा आशय असा की, देश शेतीकडून उद्योगाकडे वळू लागला की सुरुवातीला विषमता वाढते, काही काळ स्थिर राहते आणि नंतर कमी होते. आलेख काढला तर उलट्या टोपलीसारखा दिसतो. पन्नास-साठ वर्षे ही टोपली गरीब देशांच्या डोक्यावर ठेवण्यात आली : थांबा, तुमचा उतार पुढे आहे! परंतु खुद्द कुझ्नेट्स यांनी त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की, आपल्या मांडणीत पाच टक्के माहिती आणि पंचाण्णव टक्के अनुमान आहे. त्यांच्या हाताशी अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा मोजक्या देशांचेच आकडे होते. त्यांची ही कबुली त्यांच्या भक्तांनी कधी वाचून दाखवली नाही. भक्तांचे हे असेच असते, मग ते अर्थशास्त्राचे असोत की धर्मशास्त्राचे.

त्या देशांतही विषमता उतरली ती वाढीच्या गुणाने नव्हे. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-दोन शतकांचे करविषयक कागद धुंडाळून दाखवून दिले की, विसाव्या शतकाच्या मध्यात युरोप-अमेरिकेतील वरच्या थराचा वाटा घसरला तो दोन महायुद्धे, मंदी, जबर प्राप्तिकर, वारसा कर, कामगार संघटनांचे बळ आणि सरकारने उभारलेली शाळा-दवाखान्यांची व्यवस्था यांमुळे. १९८० नंतर कर कापले गेले, संघटना मोडल्या गेल्या आणि तोच वाटा पुन्हा वर चढला. उतार निसर्गाने दिलेला नव्हता; तो खणलेला होता आणि पुन्हा बुजवलाही गेला.

आता आपल्या देशाचे पाहू. याच अभ्यासकांच्या गटाने मार्च २०२४ मध्ये भारताच्या १९२२ ते २०२३ या शंभर वर्षांचा हिशेब मांडला. स्वातंत्र्यानंतर सर्वांत वरच्या १ टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा घटत घटत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांच्या आसपास आला होता. तो २०२२-२३ मध्ये २२.६ टक्क्यांवर गेला. संपत्तीतील त्यांचा वाटा ४०.१ टक्के झाला. आणि खालच्या निम्म्या जनतेच्या वाट्याला राष्ट्रीय उत्पन्नाचे जेमतेम १५ टक्के आले. शंभरांतला एक जण एका पंगतीत, पन्नास जण दुसऱ्या पंगतीत आणि त्या एकाच्या पानात पन्नास जणांहून जास्त! खाउजा धोरणाला, म्हणजे खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाला, १९९१ साली सुरुवात झाली. त्यावेळी जन्मलेल्या मुलाची मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. झिरपायला आणखी किती पिढ्या हव्यात?

येथे विरोधक एक आक्षेप घेतात आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, १९८० पूर्वी विषमता कमी होती हे मान्य. पण तेव्हा वाढ तरी कोठे होती? साडेतीन टक्क्यांवर देश रखडला होता. वस्तुस्थिती म्हणून हे खरेच आहे. (प्रा. राज कृष्ण यांनी त्या मंद दराला 'हिंदू' दर असे नाव दिले होते. नाव विनोदाने दिले होते, पण विचार करायला लावणारे आहे.) परंतु समानतेमुळे देश रखडला, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्या काळात वरच्यांचा वाटा थोडा छाटला गेला एवढेच. खालच्यांच्या हाती जमीन, शाळा आणि भांडवल दिले गेलेच नाही. परवाने-परमिटांचे राज्य होते, पण परवाने मिळत होते ते ठरावीक घराण्यांनाच. कमाल जमीनधारणेचे कायदे झाले आणि जमिनी बैलांच्या नावावरसुद्धा चढल्या, असे खेड्यापाड्यांत अजूनही सांगितले जाते. हा समतेचा प्रयोग नव्हता. समतेच्या घोषणेचा प्रयोग होता.

समतेचा प्रयोग पाहायचा असेल तर दक्षिण कोरिया आणि तैवानकडे पाहावे लागते. दोन्ही देश १९५० च्या सुमारास आपल्याइतकेच गरीब होते. तैवानने १९४९ साली कुळाचा खंड उत्पन्नाच्या ३७.५ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचा नाही असे ठरवले आणि १९५३ साली कसेल त्याची जमीन हा कायदा केला. कोरियात सुमारे तीन हेक्टरपेक्षा जास्त जमीन जमीनदाराकडे ठेवली गेली नाही. त्यांनी हे समतेच्या प्रेमापोटी केले असे नाही. शेजारी कम्युनिस्ट क्रांती उभी होती, तिची भीती होती. पण परिणाम काय झाला? कुळाचा मुलगा शाळेत गेला, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खेळू लागले, त्या पैशांनी देशातल्याच मालाला गिऱ्हाईक मिळाले आणि शिकलेल्या त्याच मुलांच्या जोरावर कारखाने उभे राहिले. या देशांनी तीस वर्षे जी गती राखली ती पाहून जागतिक बँकेला १९९३ साली 'चमत्कार' हा शब्द वापरावा लागला. चमत्कार कसला? आधी वाटणी झाली आणि मग भाकरी मोठी झाली, इतकेच. याउलट ब्राझीलने १९६० च्या दशकाअखेरीस लष्करी राजवटीत नेमका 'आधी वाढ, मग वाटणी' हा मार्ग धरला. काही वर्षे दरही डोळे दिपवणारा होता. १९८० चे दशक उजाडले आणि कर्ज व महागाईच्या ओझ्याखाली तो डोलारा बसला. वाटणीची पाळी आलीच नाही.

आणि आपल्याकडे? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५३ साली मराठवाड्यात, १९५९ साली खानदेशात आणि १९६४-६५ साली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पोरेबाळे काखेला घेऊन गेले. मागणी होती पडीक जमिनीची, गायरानाची; कोणाची मालकीची जमीन हिसकावण्याची नव्हे. त्या लढ्याची नोंद आजही 'दलितांचे आंदोलन' अशी केली जाते, 'देशाच्या आर्थिक विकासाचा कार्यक्रम' अशी कोणी करत नाही. कोरियाने सरकारी हुकुमाने जे केले ते आपले लोक तुरुंगात जाऊन मागत होते! १९९१ साली महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तारीख तरी बाबासाहेबांच्या जयंतीची निवडली. पण तलाठ्याच्या दप्तरात पुरावा नाही, पंचनाम्यात नाव नाही, म्हणून कित्येकांचे सातबारे कोरेच राहिले. आणि २०२२ साली उच्च न्यायालयात गायरानाचा विषय निघताच नोटिसा मात्र नेमक्या पत्त्यावर पोचल्या. पुढे दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ साली ती शंभर टक्के अनुदानाची झाली. योजना चांगली आहे, पण सरकारी दराने जमीन विकतो कोण? ज्याला जमीन विकायची आहे तो रस्त्याकडेच्या बिल्डरला विकतो. देशाच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती १६.६ टक्के; २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्या वहितीखालची जमीन ९ टक्क्यांहून कमी. सत्तर वर्षांच्या भूसुधारणेचा हा हिशेब.

तेव्हा पहिल्या दाव्याकडे, विषमता वाढीला पोषक असते या दाव्याकडे, वळू. गंमत अशी की, तो दावा ज्यांच्या तोंडून जगाने ऐकला त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अभ्यासकांनी तो मागे घेतला आहे. २०११ साली जोनाथन ऑस्ट्री आणि अँड्र्यू बर्ग यांनी दाखवले की, वाढ सुरू करणे फारसे अवघड नसते, ती टिकवणे अवघड असते. आणि ज्या देशांत विषमता जास्त तेथे वाढीची लाट लवकर ओसरते. २०१५ साली याच संस्थेच्या दुसऱ्या एका गटाने दीडशेच्या वर देशांचे आकडे तपासले. वरच्या २० टक्के लोकांचा उत्पन्नातील वाटा एका टक्क्याने वाढला तर पुढील पाच वर्षांत वाढीचा दर ०.०८ टक्क्याने कमी होतो, आणि खालच्या २० टक्क्यांचा वाटा तेवढाच वाढला तर दर ०.३८ टक्क्याने वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सगळे अभ्यास एकाच बाजूचे आहेत असे म्हणणे खोटे ठरेल. २००० साली क्रिस्टिन फोर्ब्स यांनी अल्प काळापुरता उलटा संबंध दाखवला होता आणि वाद अजून मिटलेला नाही. पण एवढे मात्र आता कोणी जबाबदार माणूस म्हणत नाही की विषमता ही वाढीची अट आहे. अट म्हणून जे आपल्याला सांगितले गेले ते शास्त्र नव्हते, सोय होती.

विषमतेने वाढ का खुंटते? पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ याची जी कारणे देतात त्यांत गरिबाला कर्ज मिळत नाही म्हणून मुलगा शिकत नाही, हे पहिले. गिऱ्हाईकच नसल्याने माल पडून राहतो, हे दुसरे. पैशाच्या जोरावर धोरणे विकत घेतली जातात, हे तिसरे. हे सारे भारतालाही लागू आहे. परंतु या देशात विषमतेला जात नावाची पायऱ्यांची चौकट आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आपले अर्थशास्त्र पुरे होत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये सांगितले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माणसाला एका धंद्यातून दुसऱ्यात जाऊ न देणारी व्यवस्था बेकारीला स्वतःच जन्म देते. हा समाजसुधारकाचा कळवळा नव्हता. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या माणसाचे ते निदान होते. त्याच्याही आधी, १९१८ साली, शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंधात त्यांनी म्हटले होते की खरा प्रश्न तुकड्याच्या आकाराचा नाही, शेतीवर रिकामे बसलेल्या जादा हातांचा आहे आणि त्यावर उपाय उद्योगीकरण हाच आहे. म्हणजे बाबासाहेब वाढीचे विरोधक कधीच नव्हते. वाढीचा रस्ता जातीच्या वेशीवर अडतो, हे ते सांगत होते.

मुंबईच्या गिरण्यांचेच उदाहरण घ्या. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळत असे. कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगार तोंडात कसा धरणार? म्हणून त्या खात्याचे दार आपल्या माणसांना बंद. त्यांनी कमी मजुरीच्या खात्यांत राबावे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. वर्गलढ्यात जात आणू नका, म्हणे! आता हिशेब करा. ज्या हातांना उत्तम विणकर होता आले असते त्या हातांना झाडलोटीला आणि हमालीला लावले, तर नुकसान त्या कुटुंबाचे झालेच. पण गिरणीचे, मुंबईचे, देशाचे किती झाले? हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

अमेरिकेत असा हिशेब झाला आहे. तेथील चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली तो प्रसिद्ध केला. १९६० साली अमेरिकेतील डॉक्टर आणि वकिलांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० साली हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. काळ्यांना आणि स्त्रियांना अडवणाऱ्या भिंती नागरी हक्कांच्या लढ्याने काही प्रमाणात पाडल्या. या पन्नास वर्षांत दरडोई उत्पादनात जी वाढ झाली तिचा २० ते ४० टक्के भाग केवळ भिंती पडल्यामुळे, योग्य माणूस योग्य कामावर पोचल्यामुळे झाला, असे त्यांचे गणित सांगते. राखीव जागांमुळे गुणवत्ता मारली जाते आणि देश मागे पडतो, अशी ओरड करणाऱ्यांनी हे गणित एकदा सोडवून पाहावे. गुणवत्ता मारली गेली ती हजारो वर्षे, जेव्हा शंभर टक्के जागा काही जातींना राखीव होत्या तेव्हा. आणि ते आरक्षण संपलेले नाही. अब्जाधीशांच्या एकूण संपत्तीपैकी ८८ टक्क्यांहून अधिक संपत्ती सवर्णांकडे असल्याचे जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्याच आणखी एका टिपणात नोंदले आहे. त्या यादीत आदिवासी नाहीत. तेथे कोणी क्रीमी लेयरचा दाखला मागत नाही.

गिरण्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या जमिनीकडेही पाहू, कारण वाढ कशी मोजली जाते हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले ते परतलेच नाहीत. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जमिनीची झाली. गिरणीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती हिशेबातूनच गेली. मुंबई उच्च न्यायालयाने मालकांविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग मॉल उठले, मनोरे उठले. मनोऱ्याचा एकेक मजला चढला तसा महाराष्ट्राच्या सकल उत्पन्नाचा आकडाही चढला. त्याच आकड्यात कामगाराच्या मुलाची सुरक्षारक्षकाची बारा तासांची नोकरीही धरलेली आहे, हे विसरू नका! वाढ झाली नाही असे कोण म्हणतो? दोन तृतीयांश जमीन लोकांची होणार होती, ती झाली नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. ६ डिसेंबर २०११ रोजी आपले कार्यकर्ते इंदू मिलमध्ये घुसले आणि बाबासाहेबांच्या स्मारकासाठी साडेबारा एकर जागा मिळवली. तो लढा योग्यच होता. पण बाकीच्या गिरण्यांच्या तिसऱ्या वाट्यासाठी आपला निळा झेंडा तितक्याच ताकदीने का उतरला नाही, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा. त्या चाळींत राहणारे कोण होते?

अलीकडे सरकारने एक नवाच साक्षात्कार घडवला. जुलै २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले की भारत हा जगातील चौथ्या क्रमांकाचा समताधिष्ठित देश आहे. जागतिक बँकेचा आकडाही जोडला : जिनी निर्देशांक २५.५. जिनी म्हणजे विषमतेचे माप. शून्य म्हणजे सर्व समान, शंभर म्हणजे सर्व काही एकाकडे. मग खुशाल पेढे वाटावेत? वाटण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. भारताचा हा आकडा खर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे आणि यादीतील पुष्कळ देशांचे आकडे उत्पन्नावरून. महिन्याला पन्नास कोटी मिळवणारा पन्नास कोटींच्या पोळ्या खात नाही. तो शेअर घेतो, जमिनी घेतो. महिन्याला आठ हजार मिळवणारी बाई मात्र आठ हजारच खर्च करते, वेळप्रसंगी बचत गटाचे कर्ज काढून दहा हजार करते. म्हणून खर्चातील अंतर उत्पन्नातील अंतरापेक्षा नेहमीच कमी दिसते. शिवाय पाहणी करणाऱ्याला मनोऱ्याच्या फाटकावर कोणी आत सोडत नाही. जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून २५.५ हा आकडा उचलला, त्याच टिपणात असेही नमूद आहे की जागतिक विषमता माहितीकोशानुसार भारतातील उत्पन्नाचा जिनी २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला. पहिले वाक्य छापले, दुसरे गाळले. पुराणिकबुवाही याहून प्रामाणिक असतो. तो निदान पोथी उघडी ठेवून गाळतो.

वाटणी सरकारच्या हातात नसते, ती बाजार करतो, असेही सांगितले जाते. मग हे कोणी केले? वारसाने मिळणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर १९५३ साली कर लावला होता, तो १९८५ साली रद्द केला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द केला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के केला आणि नव्या कारखान्यांना १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडून देत आहोत, असे सरकारनेच त्यावेळी सांगितले. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त होता. साबणाच्या वडीवर मात्र झोपडीतील बाईही कर भरते आणि तोच दर मनोऱ्यातील मालकीणही भरते. उद्योगधंद्यात कंत्राटी कामगारांचे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ते कामगार कोणत्या जातींचे होते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. यातील एकही गोष्ट बाजाराने केलेली नाही. प्रत्येकीवर सरकारी सही आहे. वाटणी रोजच होते. फक्त ती वरच्या दिशेने होते.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या हाती असावी आणि हे राज्यघटनेतच लिहून ठेवावे, असे सुचवले होते. निवडून आलेले बहुमत उद्या फिरेल, म्हणून घटनेत लिहा, हा त्यातला मर्म. ते मान्य झाले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीचा जो इशारा दिला, तो आपण दर सभेत ऐकवतो. पण तो इशारा देणाऱ्याने दोन वर्षे आधी उपायही लिहून दिला होता, हे सांगायला आपले वक्ते विसरतात. आज सगळी शेती सरकारी करा असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. मात्र हाताशी जी साधने उरली आहेत त्यांच्याकडे तरी लक्ष हवे. १९७९-८० पासून विशेष घटक योजना सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी निधी बाजूला काढायचा, असे तिचे तत्त्व. योजना आयोग गेला, २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा भेदच पुसला गेला, आणि तो निधी 'अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी तरतूद' या नावाखाली खात्याखात्यांत विरघळला. रस्ता सगळ्यांचा असतो, म्हणून रस्त्याच्या खर्चातला काही हिस्सा दलितांच्या नावे मांडायचा, असे प्रकार त्यातून सुरू झाले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात हीच मागणी कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आहेत; निवेदने दिली जातात, पोच मिळते.

केंद्राच्या अर्थसंकल्पात ही सारी तरतूद विवरणपत्र १० अ मध्ये खातेनिहाय छापलेली असते आणि ती सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक जयंती समितीने मिरवणुकीच्या खर्चातले थोडे पैसे वाचवून त्या विवरणपत्राच्या मराठी प्रती काढाव्यात, वस्तीतल्या एखाद्या बी.कॉम. झालेल्या मुलीला स्टेजवर उभे करावे आणि कोणत्या खात्याने किती मांडले, किती खर्चले आणि कशावर खर्चले, हे तिच्याकडून ओळीने वाचून घ्यावे. आमदार-खासदार त्या दिवशी हार घालायला येतातच. वाचन पूर्ण होईपर्यंत त्यांना खाली बसवून ठेवावे.